रेड पांडा झोपलेला दिसला म्हणून लगेच पुढे जाऊ नका

कुठल्याही झूमध्ये रेड पांडासमोर थोडा वेळ उभं राहून माणसांकडे बघा. लोक येतात, वर बघतात, फांदीवर लाल-तपकिरी केसांचा एक गोळा दिसतो, "अरे झोपलाय हा" म्हणतात, एक फोटो काढतात आणि वाघाकडे निघतात. आणि नेमका तो जागा असला, मागच्या पायांवर उभा राहिला, तर सगळे "किती क्यूट" करत काचेला चिकटतात. मला या दोन्हीचं वाईट वाटतं, कारण झोपलेला रेड पांडा बरंच काही सांगत असतो आणि हात वर करून उभा राहिलेला बहुतेक वेळा घाबरलेला असतो, म्हणजे जे बघत थांबायला हवं ते आपण सोडून देतो आणि जिथे दोन पावलं मागे यायला हवं तिथे पुढे जातो. प्राण्यांचं वागणं कसं बघायचं याचं एक अख्खं शास्त्र आहे, नाव ऐकून जड वाटतं, पण त्याचा गाभा साधा आहे. डोळ्यांना काय दिसलं आणि त्याचा अर्थ आपण काय लावला, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायच्या. पुढे सगळं त्याबद्दलच आहे, आणि रेड पांडा यासाठी फार छान प्राणी आहे, कारण याच्या बाबतीत या दोन गोष्टींची गल्लत पटकन होते.

झोपेपासूनच सुरू करू. झोपलाय हे दिसलं, ठीक, पण कसा झोपलाय? एक झोप अशी असते की अंगाचा गोल वेटोळा, पाय पोटाखाली, आणि ती जाड पट्ट्यापट्ट्यांची शेपूट तोंडावर ओढून घेतलेली, नाकसुद्धा दिसत नाही. दुसरी झोप अशी की फांदीवर पोट टेकवून लांब पसरलाय आणि चारही पाय दोन्ही बाजूंनी खाली लोंबतायत, शेपूटही लोंबतेय. बघणाऱ्याला दुसरी पोज गमतीशीर वाटते, आळशी वाटते. खरं तर हे दोन्ही मुख्यतः तापमानाचं काम आहे. हा प्राणी पूर्व हिमालयातला, नेपाळ, भूतान, सिक्कीम, दार्जिलिंगकडचे डोंगर, अरुणाचल, उत्तर म्यानमार आणि चीनमधले सिचुआन, युनान, तिबेटकडचे डोंगर, साधारण २२०० ते ४८०० मीटर उंचीवरची गार, धुक्याची, खाली दाट बांबू असलेली जंगलं. अंगावर दाट फर, तळपायांनाही केस. साधारण १७ ते २५ डिग्रीत तो मजेत असतो, त्याच्या वर गेलं की अंगातली उष्णता बाहेर टाकायची पंचाईत होते. म्हणून थंडीत वेटोळं करून उघडा भाग कमीत कमी ठेवायचा, गरमीत पोट आणि पाय हवेला उघडे टाकायचे. तेव्हा पुढच्या वेळी पाय लोंबकळत ठेवून झोपलेला दिसला, आणि तोंड उघडं ठेवून धापा टाकत असला, तर तो आरामात आहे की त्याला उकडतंय हा प्रश्न विचारा. चांगल्या झूमध्ये म्हणूनच त्यांच्यासाठी एसीची खोली, पाण्याचे फवारे, दाट सावली असते, आणि उन्हाच्या दिवसात तो बाहेर दिसलाच नाही तर ती चांगली गोष्ट समजा, आत गारव्यात बसायची सोय त्याला दिलेली आहे.

वरून बघितला तर लाल आणि खालून बघितला तर काळा, हे लक्षात आलंय का? पोट आणि पाय एकदम काळे असतात. त्याच्या जंगलातल्या झाडांवर लालसर-तपकिरी शेवाळ आणि पांढरट लायकेनचे, म्हणजे दगडफुलाचे, झुबके असतात, त्यात हा रंग आणि चेहऱ्यावरचे पांढरे ठिपके मिसळून जातात, आणि जमिनीवरून वर बघणाऱ्या शिकाऱ्याला सावलीत काळं पोट वेगळं कळत नाही. हा रंग तुम्हाला झूमध्ये सुद्धा चकवतो, पिंजरा रिकामा आहे असं म्हणून निघालेले लोक बरोबर डोक्यावरच्या फांदीखालून जात असतात. त्यामुळे शोधताना आधी उंचावरच्या फांद्यांच्या बेचक्यात बघा, आणि अख्खा प्राणी न शोधता नुसती खाली लोंबणारी शेपूट शोधा, ती लवकर सापडते.

आता एवढा झोपतो का? याचं उत्तर त्याच्या पोटात आहे, आणि मला विचाराल तर रेड पांडाचं निम्मं वागणं या एका गोष्टीने उलगडतं. वर्गीकरणात हा मांसाहारी गटातला प्राणी. १८२५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्यूव्हिए यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ याला रॅकूनच्या घरात ठेवायचं की अस्वलांच्या यावर वाद चालला, आणि आता जनुकांवरून कळलंय की तो या दोघांच्याही घरातला नाही, त्याचं स्वतःचं वेगळं कूळ आहे आणि त्या कुळात आज जिवंत असलेले हेच काय ते. काळ्या-पांढऱ्या मोठ्या पांडाशी जवळचं नातं नाही, तो अस्वल आहे. पण दोघांनीही वेगवेगळ्या वाटेने येऊन बांबू धरला. गंमत अशी की रेड पांडाचं आतडं अजून मांस खाणाऱ्याचंच आहे, आखूड आणि साधं. गाईसारखे कप्पे नाहीत, चोथा कुजवून त्यातून पोषण काढायची सोय नाही. बांबूची पानं दोन-चार तासांत आतून बाहेर पडतात आणि त्यातलं जेमतेम पाव पचतं. म्हणजे हा तुटपुंज्या पगारात घर चालवणारा माणूस आहे, रोज थोडी मिळकत, त्यामुळे खर्चावर कायम हात आखडलेला. दिवसातले कित्येक तास खाण्यात आणि खाणं शोधण्यात जातात, आणि उरलेला वेळ पडून राहायचं, कारण हललं की खर्च. चयापचय मुळातच मंद. तेव्हा "दिवसभर झोपतो, कंटाळलाय बिचारा" हे वाक्य म्हणायच्या आधी हा हिशोब डोळ्यासमोर आणा. जंगलातला रेड पांडा सुद्धा दिवसाचा मोठा भाग फांदीवर पडूनच काढतो.

खाताना मात्र जवळून बघायला मिळाला तर सोडू नका. बांबूची फांदी पुढच्या पंजात धरतो, आणि धरताना मनगटाजवळचं एक हाड अंगठ्यासारखं पुढे येतं, खरा अंगठा नव्हे पण काम तेच, फांदी बोटं आणि त्या हाडाच्या मधे पकडली जाते. मग फांदी तोंडाच्या एका कोपऱ्यात नेतो, तिथेच पान तोडतो आणि गालाच्या बाजूच्या दाढांनी चावत राहतो, डोळे अर्धवट मिटलेले, कान हलत असतात. नीट बघा, तो सगळी पानं खात नाही. कोवळी पानं, पानांची टोकं, कोंब असं निवडून घेतो आणि बाकी फांदी टाकून देतो. मोठा पांडा जाडजूड बांबूच्या कांड्या सोलून फोडून खातो, याला ते जमणारं नाही, याचं वजन तीन ते सहा किलोच्या आसपास, मग वेचून खाणं हाच मार्ग. त्यामुळे पिंजऱ्यात खाली अर्धवट खाल्लेल्या बांबूचा खच पडलेला दिसला तर नासाडी केली असं वाटून घेऊ नका. खाऊन झालं की पुढचे पंजे चाटतो, चाटलेल्या पंजाने चेहरा पुसतो, मग पोट आणि पाठ फांदीवर घासतो. पाणी पिताना काही वेळा पंजा पाण्यात बुडवून तो चाटत बसतो. झूमध्ये बांबूबरोबर पानं खाणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली खास बिस्किटं आणि थोडी फळं देतात. फळं त्याला इतकी आवडतात की कीपर लोक त्याच्याकडून वजनाच्या काट्यावर चढणं, पंजा पुढे करणं अशा गोष्टी फळाच्या तुकड्यावर करून घेतात, औषधपाण्याच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो, धरपकड करावी लागत नाही.

बरं, आता ते शास्त्र. वागणूक अभ्यासणारे लोक बघायला बसण्याआधी एक यादी करतात, तिला इथोग्राम म्हणतात. त्यात त्या प्राण्याच्या एकेका कृतीचं वर्णन असतं, आणि वर्णन असं लिहायचं की दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच वेळी बघितलं तर दोघांनी तीच नोंद करावी. "खुश आहे", "रुसलाय", "बोअर झालाय" हे शब्द त्यात चालत नाहीत, कारण खुशी डोळ्यांना दिसत नाही. "चालतो: चारही पाय जमिनीवर, एका जागेहून दुसरीकडे जातो" हे चालतं. "विश्रांती: अंग फांदीवर टेकलेलं, डोळे मिटलेले, जागेवरून हालचाल नाही" हे चालतं. लिहायला रुक्ष आहे, मान्य, पण एकदा हे करून बघा, डोक्यातली बडबड थांबते आणि प्राणी दिसायला लागतो.

दुसरी गोष्ट, कधी लिहायचं. आपण सगळे नैसर्गिकपणे काय करतो, काहीतरी घडलं की लिहितो, काही घडत नसेल तर लिहीत नाही. मग वहीत काय येतं? उड्या, भांडणं, उभं राहणं. आणि वाचणाऱ्याला वाटतं रेड पांडा दिवसभर उड्या मारतो. १९७४ मध्ये जीन ऑल्टमन या बाईंनी, ज्यांनी केनियातल्या बबून माकडांवर आयुष्यभर काम केलं, एक पेपर लिहिला त्यात हेच नीट मांडलं की प्राणी कसा बघितला यावर निष्कर्ष ठरतो, आणि मनाला येईल तेव्हा लिहिलेली नोंद नेहमी भडक गोष्टींकडे झुकते. प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणारं कोणीही असो, या पेपरच्या सावलीतून गेल्याशिवाय राहत नाही. तिथून आलेल्या दोन साध्या पद्धती कोणालाही वापरता येतात. पहिली, एकच प्राणी निवडायचा आणि ठरवलेला वेळ, समजा अर्धा तास, फक्त त्याच्याकडे बघत तो काय काय करतो ते सलग लिहायचं, शेजारच्याने कितीही मजेशीर काही केलं तरी. दुसरी, मोबाइलवर दर दोन मिनिटांचा टायमर लावायचा आणि तो वाजला त्या क्षणी समोरचा प्रत्येक प्राणी काय करतोय तेवढंच टिपायचं, मधलं काही नाही. दुसऱ्या पद्धतीत वहीत विश्रांती, विश्रांती, खाणं, विश्रांती असं येत राहतं, कंटाळा येतो, पण दिवसाचा खरा हिशोब हाच आहे, आणि शेवटी टक्केवारी काढली की तुम्हाला कळतं की सकाळी आणि तिन्हीसांजेला नोंदी बदलतात, कारण हा मुख्यत्वे पहाटे, संध्याकाळी आणि रात्री वावरणारा प्राणी आहे. भर दुपारी येऊन तो हलत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. गेट उघडल्या उघडल्या जा, नाहीतर बंद व्हायच्या आधीचा तास पकडा.

नोंदींबद्दल इतकं ताणून का सांगतोय, तर माणसाचे डोळे मनात असलेलंच बघतात. १९७८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या झूमधून एक रेड पांडा निसटला. झूने वर्तमानपत्रांना कळवलं, बातमी छापून आली, आणि देशभरातून शंभरावर लोकांनी कळवलं की आम्ही बघितला. तो पांडा झूपासून जवळच रेल्वेरुळांजवळ मेलेला सापडला होता, आणि लोक त्यानंतरही तो दिसल्याचं सांगत होते. यातले बहुतेक लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनी काहीतरी हललेलं बघितलं, कुत्रं असेल, मांजर असेल, आणि डोक्यात पांडा होता. आपण पिंजऱ्यासमोर उभे असतो तेव्हा डोक्यात "क्यूट" असतं, एवढाच फरक.

ते उभं राहणं घेऊ. २००५ मध्ये जपानमधल्या चिबा झूमधला फुता नावाचा रेड पांडा मागच्या पायांवर ताठ उभा राहतो म्हणून सगळ्या जपानभर गाजला, टीव्ही, जाहिराती, सगळीकडे तोच. त्यानंतर नेटवर उभ्या रेड पांडांच्या व्हिडिओंचा पूर आला. आता, उभं राहणं हे एकच वागणं नाहीये. कधी तो नुसता उंच होऊन बघत असतो, पुढचे पाय छातीशी किंवा खाली सैल, मान लांब, कान पुढे, नाक हलतंय, म्हणजे कुठून तरी वास किंवा आवाज आलाय आणि तो माहिती घेतोय. कीपरची चाहूल लागली की बरेच पांडा असं करतात. पण पुढचे दोन्ही पाय डोक्याच्या वर उचलले, अंग ताठ, नजर एका ठिकाणी खिळलेली, असं असेल तर ती बचावाची पोज आहे. समोरच्याला आपण मोठे दिसावं आणि जवळ आलाच तर पंजे मारता यावेत, त्या पंजांना टोकदार नखं आहेत. व्हिडिओत बऱ्याचदा समोर कोणीतरी अचानक आलेलं असतं, दार उघडलेलं असतं, माणूस हात पुढे करत असतो, आणि खाली हजारो लोक लिहितात की मिठी मारायला बोलावतोय. दोन पोजमधला फरक पुढच्या पायांत आहे, तिकडे बघा, आणि हात वर असतील तर आवाज न करता बाजूला व्हा.

आवाजाचंही तसंच. रेड पांडा बराच वेळ गप्प असतो, म्हणून जेव्हा आवाज येतो तेव्हा लक्ष द्या. चिडला किंवा घाबरला की नाकातून जोराचा फुसकारा आणि लगेच घशातून एक तुटक क्वॅक असा जोडआवाज काढतो, इंग्रजीत कीपर लोक त्याला हफ-क्वॅक म्हणतात. दोघं समोरासमोर आले की पाठ कमानीसारखी करणं, डोकं वरखाली करणं, जबडा आपटणं असंही दिसतं. मिलनाच्या दिवसात मात्र पक्ष्यासारखा चिवचिवाट ऐकू येतो, पहिल्यांदा ऐकणारा माणूस झाडावर पक्षी शोधत बसतो. पिल्लं बारीक शिट्टीसारखं ओरडतात. पण हा बोलण्यापेक्षा वासावर जगणारा प्राणी आहे. पिंजऱ्यात फिरता फिरता एखाद्या दगडावर किंवा ओंडक्यावर थांबून मागचा भाग घासतो, तेव्हा शेपटीखालच्या ग्रंथींचा वास तो तिथे लावतो. लघवीचे थेंब टाकतो, तळपायात ग्रंथी आहेत त्यामुळे नुसतं चालणंही वास सोडत जातं. आणि मग कुठे तरी थांबून तो जागा हुंगतो आणि जीभ लावून बघतो. त्या जिभेच्या खालच्या बाजूला बारीक शंकूसारखी रचना असते, तिच्यातून वासाचा ओलावा उचलून तोंडातल्या वास ओळखणाऱ्या अवयवाकडे नेला जातो. लाकूड चाटतोय, खुळा झालाय, असं लोक म्हणतात तेव्हा तो शेजारचा इथून कधी गेला, कोण होता, हे वाचत असतो.

याच्याशीच जोडून एक गोष्ट येते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती ओळखायला खरंच वेळ द्यावा लागतो. फिरणं आणि येरझाऱ्या. जागा हुंगत, थांबत, वाट बदलत, मधेच चढून बघत केलेला फेरा म्हणजे आपल्या हद्दीची पाहणी, ही निरोगी गोष्ट आहे. पण कुंपणाच्या एकाच कडेने, एकाच वाटेने, त्याच जागी वळत, न हुंगता, न थांबता पुन्हा पुन्हा चकरा चालू असतील तर त्याला साचेबद्ध वागणूक म्हणतात, आणि बंदिवासातल्या कुठल्याही प्राण्यात ती ताणाची खूण असू शकते. असू शकते म्हणतोय, कारण एकदा दिसलं म्हणून ठरत नाही. खाणं यायच्या वेळेला बरेच प्राणी दाराजवळ चकरा मारतात, मिलनाच्या दिवसात नर अस्वस्थ फिरतो, पलीकडच्या पिंजऱ्यात नवा प्राणी आला तर फिरतो. म्हणून वहीत वेळ लिहायची, हवा लिहायची, गर्दी किती होती, जवळ काही बांधकाम चालू होतं का, खाणं कधी आलं, हे लिहायचं. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी तेच दिसत असेल तर तिथल्या कीपरला किंवा ऑफिसात शांतपणे जाऊन सांगा, काय दिसलं ते सांगा, निष्कर्ष सांगू नका. "हा प्राणी दुःखी आहे" ऐकून कोणाला काही करता येत नाही. "मी अकरा ते साडेअकरा बघत होतो, डाव्या कडेने सारखा त्याच वाटेने फिरत होता, मधे एकदाही थांबला नाही" असं सांगितलं तर त्यावर काम होऊ शकतं, उंच जागा वाढवता येते, लपायला पेट्या देता येतात, बांबू वेगवेगळ्या ठिकाणी खोचून ठेवता येतो म्हणजे शोधायला लागेल.

उंची आणि लपणं, या दोन गोष्टी नसतील तर मी तरी तो पिंजरा चांगला म्हणणार नाही. झाड हे याचं घर आणि पळून जायची वाट दोन्ही आहे. चढताना बघितलं नसेल तर उतरताना नक्की बघा, तो डोकं खाली करून उतरतो, जे फार थोड्या प्राण्यांना जमतं. मागच्या पायाचा घोटा इतका फिरतो की पंजा उलटा होऊन खोडाला धरतो, आणि नखं अर्धवट आत घेता येतात. शेपूट तोल सांभाळते, तिने फांदी मात्र पकडता येत नाही. या कसबापुढे झूचे लोकही कधी कधी कमी पडतात. २०१३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधून रस्टी नावाचा रेड पांडा निसटला, पावसाने भिजून झाडाची एक फांदी खाली वाकली होती, तिचा पूल करून गेला असावा असं तिथल्या लोकांनी काढलं. जवळच्याच वस्तीत एका रहिवाशाला दिसला, फोटो काढून कळवलं, आणि त्याच दिवशी सुखरूप परत आणला.

काही महिने असे असतात की पांडा दिसणारच नाही, आणि तेव्हा चिडू नये. मादी वर्षातून एखादाच दिवस माजावर असते, उत्तर गोलार्धात साधारण जानेवारी ते मार्च. त्या काळात एरवी एकमेकांना टाळणारे नर-मादी मागेमागे फिरताना, वास लावताना, चिवचिवताना दिसतात, बघण्यासारखा हाच सीझन. पिल्लं जून-जुलैत होतात. गर्भ लगेच रुजत नाही, थांबून रुजतो, त्यामुळे गर्भकाळ कमी-जास्त होतो, कधी चार महिन्यांच्या आत तर कधी पाच महिने. पिल्लं एक ते चार, जन्मतः शंभर-सव्वाशे ग्रॅमची, डोळे मिटलेले, ते अडीच-तीन आठवड्यांनी उघडतात. पहिले तीन महिने ती ढोलीत किंवा पेटीतच. आणि आई? ती बाळंतपणाच्या आधी काड्या, पानं, गवत तोंडात धरून एकाहून जास्त ठिकाणी घरटी करते, आणि पिल्लांना मानेजवळ धरून एका घरट्यातून दुसऱ्यात हलवते. थोडंफार हलवणं नैसर्गिक आहे, जंगलात शिकाऱ्याला ठावठिकाणा लागू नये म्हणून. पण बाहेर गोंगाट असला, पेटीजवळ कोणी घुटमळत असलं, तर ती सारखीच हलवत राहते, पिल्लांना इजा होते, दूध मिळत नाही, गार पडतात. म्हणून तेव्हा झूवाले तो भाग बंद करतात, पडदे लावतात, आत कॅमेरा बसवून लांबून बघतात. तिथे "आम्ही तिकीट काढलंय" म्हणून भांडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. अचानक मोठे आवाज याला किती लागतात बघा, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरा झूमधलं रॉक्सी नावाचं तीन महिन्यांचं पिल्लू फटाक्यांच्या रात्री उलटी घशात अडकून गेलं, आणि तिथल्या पशुवैद्यांनी फटाक्यांच्या आवाजाची भीती हे बहुधा कारण असल्याचं सांगितलं. तिची आई थोड्याच दिवसांपूर्वी गेली होती.

एक पाटीवरची गोष्ट. २०२० मध्ये जनुकांच्या मोठ्या अभ्यासातून असं मांडलं गेलं की रेड पांडा एक नसून दोन जाती आहेत, हिमालयन आणि चायनीज. हिमालयन चेहऱ्याने जास्त पांढरा, चायनीज थोडा मोठा, गडद लाल आणि शेपटीवरचे पट्टे ठळक. तुमच्या झूमध्ये कुठला आहे ते पाटीवर बघा आणि मग चेहरा बघा. एकाच जातीतही प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो, डोळ्यांवरचे पांढरे डाग, डोळ्यापासून तोंडाकडे उतरणारा लाल पट्टा. दोन प्राणी असतील तर पहिल्या दिवशी फक्त हे दोन चेहरे वहीत काढून ठेवा, चित्र चांगलं यायची गरज नाही. कोणी काय केलं हेच माहीत नसेल तर बाकीच्या नोंदींना फारसा अर्थ उरत नाही.

आणि झूमधलं हे बघणं फक्त हौस म्हणून नाही. २०१५ पासून आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत रेड पांडा धोक्यात आलेल्या प्राण्यांमध्ये आहे. जंगल तुटून तुकडे झालेत, फासे लागतात, आणि गुराख्यांच्या व गावातल्या कुत्र्यांमुळे हल्ले तर होतातच, वर डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोग येतो जो याला सहसा जगू देत नाही. जंगलात तो दाट बांबूत, धुक्यात, उंच झाडावर, बघायला मिळणं फार कठीण, त्यामुळे आई पिल्लांशी कशी वागते, आवाज कुठला कधी काढते, वास कसा लावते, यातलं बरंच काही आधी झूमध्ये तासन् तास बसून लिहिलेल्या नोंदींमधून कळलं. दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय, १९५८ मध्ये सुरू झालेलं, समुद्रसपाटीपासून जवळपास ७००० फुटांवर, म्हणजे पांडाला तिथली हवा मुळातच मानवणारी, तिथे रेड पांडांची पैदास करतात. २००३ मध्ये तिथे वाढलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या दार्जिलिंगकडच्याच सिंगालीला नॅशनल पार्कच्या जंगलात सोडल्या. असं सोडायचं तर आधी लहानसहान गोष्टी माहीत असाव्या लागतात, ती स्वतः बांबूचे कोवळे भाग वेचते का, अनोळखी आवाज आल्यावर वर चढते की जागीच थांबते, माणूस दिसला की जवळ येते का, रात्री कुठे झोपते. याची उत्तरं मिळवायला समोर बसून बघत राहण्याला पर्याय नाही, आणि ती वहीत "विश्रांती, विश्रांती, खाणं, विश्रांती" अशाच ओळींच्या मधे कुठेतरी सापडतात.